कमान आणि कामठा

२०२० सालचा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, बाजार बंद, तरावीह घरातच. त्या महिन्यात अंधेरीतल्या आमच्या ओळखीच्या अनेक घरांत इफ्तारनंतर एकच गोष्ट चालू असे. तेराव्या शतकातल्या एर्तुगरुल गाझीवरची तुर्की मालिका. मूळ मालिका तुर्कस्तानात २०१४ ते २०१९ या काळात दाखवली गेली होती. त्या रमजानात पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने ती उर्दूत आणली आणि मोबाइलमधून ती इथल्याही घराघरांत शिरली. आमचा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. टाळेबंदी सैल झाल्यावर त्याने हट्ट करून एक प्लास्टिकची कमान मिळवली, टोकाला उलटी वळलेली, अगदी मालिकेतल्यासारखी. गच्चीवर ती ताणून त्याने आम्हाला विचारले, "मामू, आपली कमान हीच ना?"

त्या क्षणी आम्ही मान डोलावली. पण प्रश्नातला 'आपली' हा शब्द मागाहून टोचत राहिला. मराठी मुसलमानाची कमान कोणती? अनातोलियाच्या पठारावरची? समरकंदहून दिल्लीला आणि दिल्लीहून दौलताबादला आलेली? की आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या पाड्यातली? मुलांच्या प्रश्नांना मान डोलावून उत्तर देऊ नये, असे वाटल्यावरून हा लेख लिहायला घेतला.

अंधेरीहून साकीनाका, चांदिवली करत पवईकडे गेले की तलावाच्या आसपासच्या जमिनीच्या कागदांवर 'मौजे तिरंदाज, तालुका कुर्ला' असा उल्लेख येतो. टोलेजंग इमारतींच्या विक्रीखतात हे महसुली गाव आजही शाबूत आहे. तीर फेकणारा तो तीरअंदाज. शब्द फारसी, पण साष्टीच्या मातीत असा रुतलेला की तिथे राहणाऱ्यांना त्यात काही वेगळे आहे असे वाटतच नाही. एका नावावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु भाषेकडे पाहिले तर पुष्कळ काही हाती लागते. दरवाजावरची कमान, घड्याळातली कमान, गाडीच्या चाकावरची कमान, हे सगळे फारसी धनुष्याचेच वंशज आहेत. आणि आदिवासींच्या धनुष्यबाणाला मराठीत नाव आहे तीरकामठा. त्यातला तीर फारसी. कामठा मात्र आकाशकंदिलाच्या आणि पतंगाच्या कामटीचा सख्खा भाऊ, म्हणजे बांबूचा. दोन वेगळ्या जगांतली शस्त्रे एका सामासिक शब्दात नांदताहेत.

या दोन शस्त्रांची घडणच मुळात वेगळी आहे, आणि घडण समजल्याखेरीज ती कशी चालतात ते कळत नाही.

तुर्क, इराणी, मोगल यांची कमान ही एका लाकडाची नसते. मध्ये लाकडाचा पातळ गाभा. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या. बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाठीवर, जनावराच्या पायातल्या नसा वाळवून, कुटून, विंचरून काढलेले तंतू. हे सगळे चिकटवायचे ते सरसाने. यामागचा हिशेब साधा आहे. धनुष्य वाकते तेव्हा त्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसते, नस ताण सोसते. लाकूड बिचारे मध्ये राहून दोघांना धरून ठेवते. त्यामुळे लाकडाचे धनुष्य जिथे तुटले असते त्याच्या कितीतरी पुढे ही कमान वाकू शकते, आणि म्हणून ती आखूड करता येते. दोरी उतरवली की ती उलट्या बाजूला वळून जवळजवळ वर्तुळ होते. संग्रहालयांत अशा उतरवलेल्या कमानी पाहून कित्येकांना त्यांची सुलटी बाजू कोणती हेच उमगत नाही. सरस एकेका थरात वाळायला वेळ लागतो. चांगली कमान तयार व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे, आणि हे काम करणारा कमानगर हा तलवार घडवणाऱ्या लोहाराइतकाच मानाचा कारागीर होता.

ती चालते कशी? दोरी चढवलेली असतानाच ती आतून ताणलेली असते. म्हणून खेचायला सुरुवात केल्याबरोबर हाताला जोर लागतो. पण शेवटच्या वितीत, जिथे साधे धनुष्य एकदम कडक होते, तिथे हिची ताठर टोके तरफेसारखी काम करतात आणि खेच मऊ राहते. एकाच ताकदीच्या माणसाने दोन्ही खेचली तर हिच्यात अधिक जोर साठतो. शिवाय हिची पाती आखूड आणि हलकी, त्यामुळे सुटताना तो जोर पाती हलवण्यात फारसा वाया जात नाही, तीरात उतरतो. दोरी तीन बोटांनी न खेचता अंगठ्याने खेचायची. अंगठा सोलवटू नये म्हणून त्यावर जिहगीर ही अंगठी. शहाजहानची जेड दगडाची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा तीर कमानीच्या उजव्या बाजूला टेकतो, आणि धावत्या घोड्यावर तो तिथून निसटत नाही. मुळात ही कमान घोड्यासाठीच जन्मली. लांब धनुष्य घोड्याच्या मानेला आणि पुठ्ठ्याला अडखळले असते. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने नोंदले आहे की बंदूकवाला दोनदा बार काढतो तेवढ्यात इथला घोडेस्वार सहा तीर सोडतो.

आता दुसरे धनुष्य.

मरोळ-मरोशी रस्त्याने आरेत शिरले की वस्तीचा आवाज एकदम मागे पडतो. मुंबईतले गोठे हलवण्यासाठी १९४९ साली इथे दुग्ध वसाहत उभी राहिली. वारली, मल्हार कोळी, काथोडी यांचे पाडे त्याआधीपासूनचे. एका हिवाळ्यात आम्ही अशाच एका पाड्यावर गेलो होतो. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी चुलीच्या वरच्या आढ्यातून धुराने काळा पडलेला कामठा काढून दाखवला. उभा केला तर आमच्या खांद्याला लागला. बांबूची एक चीर, मधे जाड, टोकांकडे निमुळती, मुठीपाशी चिंधी गुंडाळलेली. दोरीसुद्धा सुताची नव्हे, बांबूच्या सालीची चपटी पट्टी, टोकांना वाखाच्या फासात अडकवलेली. सबंध शस्त्रात कोयत्याखेरीज दुसरे अवजार लागलेले नव्हते, आणि तीराच्या लोखंडी पात्याखेरीज विकत आणलेली वस्तू नव्हती.

बाबांनी सांगितलेल्या गोष्टी वरवर साध्या होत्या. बांबू भरीव हवा, कोवळा नको. पावसाळा उलटल्यावर तोडायचा, नाहीतर भुंगा लागतो. आतला गर तासायचा, पण वरची साल दुखवायची नाही. या शेवटच्या नियमात मोठे शहाणपण आहे. बांबूचे सगळ्यांत दाट आणि चिवट तंतू सालीलगत असतात. ती साल ताण सोसते आणि आतला भाग दाब सोसतो. शिंग आणि नस जोडून कमानगर जे वर्षभरात साधतो, त्यातला एक अंश निसर्गाने बांबूत आयताच करून ठेवला आहे. इंग्रजांचे प्रसिद्ध लांब धनुष्यही याच तत्त्वावर चालते. यू नावाच्या झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड ताणाला चांगले, आतले लालसर लाकूड दाबाला चांगले, आणि दोन्ही एकाच फाट्यात. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्याच्या अवशेषांत शंभरावर धनुष्ये मिळाली, प्रत्येक जवळजवळ दोन मीटर लांब. घडणीच्या दृष्टीने पाहिले तर इंग्रज शेतकऱ्याचे धनुष्य आणि आरेतल्या वारल्याचा कामठा ही एका घरातली भावंडे आहेत. मोगल, तुर्क, रजपूत आणि मराठा सरदारांच्या कमानी हे दुसरे घर. धर्माची रेघ या दोन घरांच्या मधून जात नाही. रेघ ओढायचीच तर ती घोडा बाळगणारा आणि पायी चालणारा यांच्यामधून जाते.

अंगणात केळीचा एक तोडलेला बुंधा होता. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीला बंदी, तेव्हा निशाण म्हणून तोच. पंचवीस पावलांवरून बाबांनी तीर सोडला. त्यात नेम धरणे असा प्रकार दिसलाच नाही. तीर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, दोरीवर बाकीची बोटे, खेच छातीपर्यंत आणि लगेच सुटका. तीर बुंध्यात वीतभर घुसला. आम्ही प्रयत्न केला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले ते हे की कामठा सुरुवातीला फसवतो. अर्ध्यापर्यंत तो सहज येतो, पुढे प्रत्येक बोटागणिक जड होत जातो आणि शेवटी भिंतीसारखा उभा राहतो. त्या भिंतीशी ओढून धरून ठेवले तर हात थरथरतो आणि नेम जातो. म्हणून खेचणे आणि सोडणे ही एकच क्रिया करायची. जंगलात जनावर दिसते ते क्षणभर, आणि अंतर वीस-तीस पावले. तिथे कानापर्यंत खेचून ऐटीत उभे राहायला सवड कोणाला आहे?

मग दोघांत श्रेष्ठ कोण? अंतरावर जाऊ नका, असे आमचे म्हणणे आहे, पण अंतराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९५ साली लंडनमधल्या तुर्की वकिलातीचा चिटणीस महमूद एफेंदी याने तिथल्या हौशी धनुर्धरांसमोर आपल्या शिंगाच्या कमानीने ४८२ यार्ड, म्हणजे सुमारे ४४० मीटर तीर टाकला. त्या इंग्रजांत जे उत्तम होते त्यांनाही साडेतीनशे यार्ड गाठणे जड जाई. आणि एफेंदी स्वतःला आपल्या देशातला मोठा तिरंदाज समजत नव्हता! त्याचा सुलतान तिसरा सलीम याच्या नावावर १७९८ सालची ९७२ यार्डांची नोंद आहे. हे ऐकून आमच्या भाच्याचे डोळे चमकले असते. मात्र हे तीर काडीसारखे हलके, केवळ अंतरासाठी बनवलेले होते. हलक्या तीराला वेग हवा, आणि वेग देण्यात हलक्या पात्यांची शिंगाची कमान अजिंक्य आहे. लांब धनुष्याची जड पाती स्वतःच हलायला जोर खातात, म्हणून हलका तीर दिला तरी त्याचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. जड तीर दिला की हिशेब बदलतो. जड तीर जोर अधिक शोषून घेतो आणि दोन धनुष्यांतले अंतर कमी होते. इंग्रजांनी आणि आपल्या भिल्ल-वारल्यांनी जड तीर वापरला तो अडाणीपणाने नव्हे. ज्याच्या हातात जे धनुष्य, त्याने त्याला साजेसा तीर घडवला.

ही तुलना आज आम्हीच करतो आहोत असे नाही. सुलतान अल्तमशच्या काळात फख्रे मुदब्बिर या लेखकाने 'आदाबुल हर्ब वश्शुजाअत' हा युद्धशास्त्रावरचा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने निरनिराळ्या मुलखांतल्या कमानींची यादी देऊन त्यांचे गुणदोष मांडले आहेत. त्यात हिंदी कमानही आहे, आणि ती बांबूची आहे, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. तो म्हणतो की हिचा तीर लांब जात नाही, पण जवळून लागला तर जखम फार वाईट होते; काटेरी पाते मांसात रुतते, दांडी मोडते आणि पाते, बहुधा विषारी, आतच राहते. लाहोर-दिल्लीच्या दरबारात वावरणारा एक माणूस आठशे वर्षांपूर्वी जे लिहून गेला, तेच वर्णन आरेतल्या त्या आढ्यावरच्या कामठ्याला जवळजवळ लागू पडते. आम्हाला या लेखकाचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की त्याने परक्याचे हत्यार हसण्यावारी नेले नाही. ते कुठे उणे आणि कुठे भारी, हे सरळ सांगितले.

त्याच्याही दीड हजार वर्षे आधी सिकंदराचा दर्यावर्दी नीआर्कस याने हिंदी पायदळाच्या धनुष्याबद्दल लिहिले होते, ते एरियनच्या ग्रंथात टिकले आहे. माणसाइतके उंच धनुष्य, खालचे टोक जमिनीवर टेकवायचे, डाव्या पायाने दाबायचे आणि दोरी मागे ओढायची. त्याच्या तीरापुढे ढालही टिकत नाही आणि चिलखतही नाही, असे तो म्हणतो. पण इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या सैन्याला त्या धनुष्याचा उपयोग नीट झाला नाही, कारण रात्रीच्या पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि टेकवलेले टोक ठरत नव्हते. म्हणजे पाऊस बांबूलाही सोडत नाही.

तरीही पावसाचा खरा वैरी कोण म्हणाल तर शिंगाची कमान. हे आम्हा कोकण किनाऱ्यावरच्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवे. सरस म्हणजे शेवटी कातडी-हाडे उकळून केलेला डिंक. दमट हवेत तो ओल धरतो, मऊ पडतो, नसांचे थर सुटू लागतात आणि पात्यांना पीळ पडतो. मध्य आशियाच्या कोरड्या वाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू आपल्या आषाढात आजारी पडते. म्हणून हिंदुस्थानी कारागिरांनी तिच्यावर साल गुंडाळली, लाखेचे रोगण चढवले, त्यावर सोनेरी वेलबुट्टी काढली. ती वेलबुट्टी नुसती शोभा नव्हती, रेनकोट होता. दोरी चढवण्याआधी कमानीला शेकावे लागे. पुढे तर पोलादाच्या कमानी निघाल्या, कित्येक मधोमध फिरकीने जोडलेल्या. त्यांना ओल बाधत नसे आणि शस्त्रागारात त्या कधीही तयार असत. पण पोलादाची पाती जड, म्हणून तीर मंद. सोय मिळाली, धार गेली.

ओल आणि झाडी, हे दोन्ही एकत्र आले की काय होते त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर, बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन याच्या अमलात, मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी कोकणातल्या खेळण्यावर, म्हणजे आजच्या विशाळगडावर चालून गेला. शिर्क्यांनी त्याला वाट दाखवतो म्हणून गर्द जंगलात नेले आणि तिथे त्याचे सैन्य कापले गेले. फिरिश्ताने ही हकिगत दिली आहे. तिच्यातला एक तपशील आमच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्या सैन्यात इराण-अरबस्तानातून आलेले आफाकी होते, तसेच दख्खनी आणि हबशीही होते. जंगलात पुढे जायला बरेच दख्खनी आणि हबशी तयार झाले नाहीत. त्याला पुढे दरबारी राजकारणात दगाबाजीचे नाव मिळाले, आणि त्या भांडणातून चाकणला आफाकींची कत्तल झाली. तिचे समर्थन कोणी करू नये. पण जंगलाच्या तोंडाशी थांबलेल्या त्या दख्खनी शिपायाचा विचार केला की वाटते, त्याला ही भूमी ठाऊक होती. जिथे घोडा वळत नाही, दहा पावलांपुढचे दिसत नाही, अंगावरचे कातडे आणि हातातली कमान दोन्ही भिजतात, तिथे घोडेस्वार तिरंदाजाचे काम नाही, एवढे त्याला समजत होते. आफाकी आणि दख्खनी दोघेही मुसलमान. फरक इतकाच की एकाने हा पाऊस पाहिलेला होता.

शंभर वर्षांनी तोफ आली तेव्हा कमानीची जागा कुठे उरली तेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या, म्हणजे राक्षसतागडीच्या लढाईत अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपल्या तोफांपुढे दोन हजार परदेशी तिरंदाज उभे केले. त्यांनी तीर सोडत विजयनगरच्या फौजेला जवळ येऊ दिले आणि मग बाजूला होऊन तोफांना वाट दिली. जगातले उत्तम तिरंदाज, आणि त्यांचे काम तोफखान्यापुढचा पडदा होण्याचे!

कमान दरबारात मात्र राहिली, मानचिन्ह म्हणून. तिचे सर्वांत बोलके चित्र डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा, हातात शिंगाची डौलदार कमान, आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या तुटलेल्या मस्तकाला त्याचा तीर लागलेला. प्रत्यक्षात काय घडले? जहांगीरच्या सेनापतींना अंबर कधीही हाती लागला नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या, खडकी शहर वसवणाऱ्या, मराठा स्वारांना बरोबर घेऊन डोंगरदऱ्यांत गनिमी काव्याने लढणाऱ्या या माणसाने १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला आणि १६२६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असताना तो आपल्या मरणाने गेला. खुलदाबादला त्याची कबर आहे. जगातली सर्वांत चांगली कमान ज्याच्याकडे होती त्याला तो तीर फक्त कागदावर मारता आला. चित्रात दोघेही मुसलमान आहेत, हे शाळेतल्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. 'मुसलमानी कमान' असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे, ती कोणाच्या हातातली आणि कोणावर रोखलेली?

आता ज्यांची आठवण आपल्या साहित्यात कमी येते त्यांच्याकडे वळू. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीत तडवी भिल्ल राहतात. ते मुसलमान आहेत आणि भिल्लही आहेत; अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. औरंगजेबाच्या काळात आपण इस्लाम स्वीकारला असे त्यांची परंपरा सांगते. या डोंगराचे हत्यार म्हणजे भिल्लांची कामठी, बांबूची, बांबूच्याच दोरीची, फख्रे मुदब्बिरने वर्णन केलेली. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली, औट्रमच्या हाताखाली, आणि डोंगरातल्या तिरंदाजांच्या खांद्यावर बंदुका दिल्या. तरी १८५८ च्या एप्रिलमध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्यामागे उभे राहून आंबापाणीला सरकारी फौजेशी लढले तेही याच डोंगरातले भिल्ल. मुंबईत बसून आपण 'मुसलमानांचा शस्त्रवारसा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे समशेर आणि शिंगाची कमान येते. निकाह लावणारा, रोजे ठेवणारा आणि ज्याच्या बापजाद्यांच्या छपरात बांबूची कामठी खोचलेली असे, तो यावलचा माणूस त्या वारशात का बसत नाही? तो कमी दर्जाचा मुसलमान आहे काय? आपल्यातल्या काही प्रतिष्ठितांना मनातून तसे वाटते, हे आम्ही पाहिले आहे. आम्हालाही भाच्यापुढे मान डोलावताना त्याची आठवण झाली नव्हती.

आणि मुळाकडे जायचे तर थेट मदीनेपर्यंत जाऊ. सूरह अन्फालमध्ये सामर्थ्य सज्ज ठेवण्याची जी आज्ञा आहे, तिचा अर्थ सांगताना पैगंबर मुहंमद (स.) यांनी नेमबाजीचा उल्लेख केला, ही हदीस प्रसिद्ध आहे. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांनी जागा सोडली म्हणून लढाईचे पारडे फिरले, हेही प्रत्येक मुसलमान मुलाला शिकवले जाते. त्या काळच्या हिजाजी अरबांकडे डोंगरी झाडाच्या लाकडाचे साधे धनुष्य होते. शिंगाची भारी कमान इराण्यांची. इस्लामी जगात पुढे तिरंदाजीवर जे ग्रंथ झाले त्यांत या गोष्टीवर पुष्कळ काथ्याकूट आहे. फारसी कमान टाळून अरबी कमान बाळगावी, अशा आशयाची एक रिवायत या लेखकांपुढे होती. त्यावर त्यांनी उत्तर दिले की ती गोष्ट त्या काळापुरती, जेव्हा ती कमान शत्रूच्या हातात होती. आता ती मुसलमानांच्याच हातात आहे. म्हणजे 'आपली कमान कोणती' हा आमच्या भाच्याचा प्रश्न सात-आठशे वर्षे जुना आहे, आणि ज्या कमानीला तो 'आपली' म्हणतो ती एके काळी परक्यांची म्हणून संशयाने पाहिली जात होती.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात पवित्र अवशेषांच्या दालनात पैगंबरांचे (स.) म्हणून जतन केलेले एक धनुष्य आहे. सुलतान पहिला अहमद याने त्यासाठी चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले आवरण करवून घेतले. ज्या उस्मानी घराण्याचा पूर्वज म्हणून एर्तुगरुलची मालिका निघाली, ज्यांच्या कारागिरांनी शिंगाची कमान पूर्णत्वाला नेली, त्यांनीच चांदीत मढवून डोळ्यांपुढे ठेवलेले ते धनुष्य बांबूचे आहे.

गेल्या भाद्रपदात आम्ही भाच्याला घेऊन पुन्हा त्या पाड्यावर गेलो. तो आता वयात आला आहे, आवाज फुटला आहे, मालिकेचे वेड ओसरले आहे, तरी प्लास्टिकची कमान घरात माळ्यावर आहे. पाऊस नुकता थांबला होता. बाबांनी आढ्यातला कामठा काढला, फडक्याने पुसला आणि गुडघ्याशी टेकवून दोरी चढवली. शेकायला काही लागले नाही. चुलीच्या धुराने ते काम वर्षभर केलेच होते.

भाच्याने मालिकेतल्यासारखी कानापर्यंत खेच घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर कामठा अडला. तो दात-ओठ खात ओढू लागला, हात थरथरू लागले.

"धरून ठेवू नको रे," बाबा म्हणाले. "खेच आन् सोड."

पहिला तीर दहा पावलांवर चिखलात पडला. दुसरा बुंध्याच्या बाजूने उंच गवतात गेला. तिसरा बुंध्याला लागला, पण आडवा, आणि खाली पडला. मग बराच वेळ आम्ही तिघेही वाकून गवतात तो दुसरा तीर शोधत होतो. लोखंडी पात्याचा तीर असा सोडून देत नाहीत, असे बाबांचे म्हणणे होते.